आधी रिकामा गोल, मग माणूस

ओतकामाच्या धंद्यात एक गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. साच्यातून बाहेर आलेला नग वरून कितीही देखणा दिसला, तरी त्याच्या पोटात काय दडले आहे हे तो दाबाखाली आल्याखेरीज कळत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ज्यांची हयात भट्टीपाशी गेली, त्यांना हे सत्य पाठ असते. धातूत राहून गेलेली हवेची एखादी पोकळी, बारीकशी चीर, जोडातली केसाएवढी फट या गोष्टी डोळ्यांना चकवतात, दाबाला चकवू शकत नाहीत. म्हणूनच नग गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यायची, हा या व्यवसायाचा धर्म मानला जातो.

हाच धर्म एका शास्त्रज्ञाने समुद्राच्या पोटात, साऱ्या जगाच्या देखत पाळला. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्डे बेटांजवळ एक पोलादी गोल अटलांटिक महासागरात सोडण्यात आला. गोलात दोन माणसे बसतील एवढी जागा होती. पण आत कोणीही नव्हते. सुमारे १४०० मीटर खोल जाऊन तो आपला आपण वर आला. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या खोलीची कल्पना येईल. तोपर्यंत कोणतेही माणूसवाहू यान इतक्या खोल गेलेले नव्हते. तरीही त्या काळच्या वृत्तपत्रांनी हा प्रयोग फसला असाच निवाडा दिला. गोलाचा निर्माता होता चौसष्ट वर्षांचा, उंच, किडकिडीत, विस्कटलेल्या केसांचा एक प्राध्यापक. त्याचे नाव ऑग्युस्त पिकार.

बासलचे जुळे

ऑग्युस्त पिकार यांचा जन्म २८ जानेवारी १८८४ रोजी स्वित्झर्लंडमधील बासल येथे झाला. ज्याँ हा त्यांचा जुळा भाऊ. वडील ज्यूल पिकार बासलच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असल्याने घरात विज्ञानाचे वातावरण होते. दोघे भाऊ झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविज्ञान संस्थेत शिकले. ऑग्युस्त यांत्रिक अभियांत्रिकीकडे वळले, तर ज्याँ यांनी रसायनशास्त्र निवडले. पुढे ज्याँ अमेरिकेत स्थायिक झाले आणि त्यांनीही बलूनमधून उंच आकाशात झेप घेतली. जुळ्या भावांची ही ओढही जुळीच म्हणायची.

ऑग्युस्त यांचा पिंड दुहेरी होता. ते भौतिकशास्त्रज्ञ होते आणि हाडाचे कारागीरही. मोजमापासाठी जे उपकरण हवे ते उपलब्ध नसेल, तर ते स्वतः बनवायचे, हा त्यांचा खाक्या. १९२२ मध्ये ते ब्रुसेल्सच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२७ ची सॉल्व्हे परिषद विज्ञानाच्या इतिहासात अजरामर आहे. आइनस्टाइन, मादाम क्युरी, नील्स बोर अशा दिग्गजांचे त्या परिषदेतील एकत्रित छायाचित्र अनेक पाठ्यपुस्तकांतून छापले जाते. त्यात मागच्या रांगेत डाव्या टोकाला उभी असलेली उंच व्यक्ती म्हणजे पिकार.

समुद्राचे वेड मात्र याहून जुने. विद्यार्थिदशेतच त्यांनी कार्ल खून यांच्या नेतृत्वाखालील ‘वाल्डिव्हिया’ या जर्मन जहाजाच्या सागरी मोहिमेची हकिगत वाचली होती. १८९८-९९ मध्ये अटलांटिक आणि हिंदी महासागरात फिरलेल्या या जहाजाने खोल समुद्रातून जाळी ओढून स्वयंप्रकाशी मासे आणि अनेक चमत्कारिक जीव वर आणले होते. वर येईतो त्यांतले बहुतेक मेलेले असत. मग आपणच खाली जाऊन त्यांना त्यांच्या घरी का पाहू नये, हा विचार तरुण पिकार यांच्या मनात रुजला. तो फळाला यायला पुढे चाळीसहून अधिक वर्षे लागली आणि मधली वाट गेली नेमकी उलट दिशेने, आकाशात.

आकाशाची वाट

विश्वकिरण हा त्या काळी भौतिकशास्त्रातील कुतूहलाचा विषय होता. अंतराळातून येणाऱ्या या किरणांचा अभ्यास करायचा, तर वातावरणाचा बहुतेक थर पायाखाली घालणे आवश्यक होते. सोळा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याएवढाच उरतो. तेथे उघड्या टोपलीत बसलेला माणूस क्षणभरही शुद्धीवर राहणार नाही. पिकार यांनी यावर उपाय शोधला तो हवाबंद ॲल्युमिनियमच्या गोलाचा. आत जमिनीवरचीच हवा, बाहेर जवळजवळ निर्वात पोकळी. या कामाला बेल्जियमच्या राष्ट्रीय विज्ञान संशोधन निधीने पैसा दिला. त्या निधीच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरे घेऊन बलूनला ‘एफएनआरएस’ हे नाव मिळाले.

२७ मे १९३१ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथून पिकार आणि त्यांचे सहकारी पॉल किप्फर यांनी उड्डाण केले. सुरुवातच संकटाने झाली. गोलाच्या भिंतीत उपकरणासाठी ठेवलेल्या छिद्रातून हवा शिट्टी वाजवीत बाहेर पडू लागली. पिकार यांनी व्हॅसलीन आणि धाग्यांचा लगदा करून ते छिद्र बुजवले आणि दोघांचे प्राण वाचवले. अर्ध्या तासाच्या आत ते पंधरा किलोमीटरवर पोहोचले. त्यांनी गाठलेली १५,७८१ मीटरची उंची तोवर कोणाही मानवाने गाठली नव्हती. एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळपास पावणेदोन पट.

पुढचे संकट याहून बिकट होते. वायू सोडण्याच्या झडपेची दोरी अडकली आणि बलून खाली येईना. उन्हाने गोल तापू लागला. प्यायचे पाणी संपले. भिंतीवर जमलेले दवाचे थेंब चाटून दोघांनी तहान भागवली. अखेर सूर्य कलल्यावर वायू थंड झाला आणि बलून हळूहळू उतरू लागले. रात्री ते ऑस्ट्रियातील आल्प्सच्या गुर्गल हिमनदीवर टेकले. तोवर युरोपातील वृत्तपत्रांनी दोघांनाही मृत गृहीत धरले होते. पुढच्या वर्षी १८ ऑगस्टला माक्स कोसिन्स यांच्यासह पिकार यांनी पुन्हा उड्डाण केले आणि सोळा किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

या उड्डाणांनी पिकार जगप्रसिद्ध झाले. टिनटिनच्या चित्रकथा वाचणाऱ्या मुलांना प्रोफेसर कॅल्क्युलस हे पात्र ठाऊक असते. चित्रकार एर्जे यांनी ते पिकार यांच्यावरून बेतले. कीर्तीपेक्षाही मोलाची गोष्ट पिकार यांनी आकाशातून आणली होती. भिंतीतल्या एका बोटभर छिद्राने दोन माणसांचा जीव टांगणीला लागतो, हा अनुभव त्यांच्या जिव्हारी लागला होता. पुढील सर्व कामावर त्याची सावली दिसते.

उलटा फुगा

खोल समुद्रात उतरण्याचा त्या काळचा विक्रम अमेरिकेच्या विल्यम बीब आणि ओटिस बार्टन यांच्या नावावर होता. १५ ऑगस्ट १९३४ रोजी बर्म्युडाजवळ ते ९२३ मीटर खोल गेले. त्यांचा पोलादी गोल जहाजावरून दोराने सोडलेला असे. विहिरीत पोहरा सोडावा तसाच हा प्रकार. दोर तुटला तर गोल तळाला आणि आतली माणसे कायमची गेली. बीब आणि बार्टन हेही बेफिकीर नव्हते. १९३२ मध्ये त्यांनी गोल एकदा रिकामाच खाली सोडला होता. वर आला तेव्हा तो पाण्याने भरलेला होता आणि आतला दाब इतका, की झाकणाचा मळसूत्री खिळा सैल करताच तोफगोळ्यासारखा उडाला. त्या दिवशी आत माणूस असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

पिकार यांना दोरच नको होता. आकाशात बलून कशालाही टांगलेले नसते. हलका वायू त्याला वर नेतो आणि वाळूच्या पिशव्या टाकून वा वायू सोडून त्याचा तोल सांभाळला जातो. हीच युक्ती समुद्रात वापरायची, असे त्यांनी ठरवले. वायूच्या जागी पेट्रोल घ्यायचे, कारण ते पाण्याहून हलके आहे आणि दाबाने फारसे आकसत नाही. वर पेट्रोलने भरलेल्या टाक्यांचा तराफा, खाली लटकलेला जाड पोलादी गोल आणि सोबत लोखंडी भार. खाली जायचे ते भाराच्या जोरावर. वर यायचे तर भार टाकून द्यायचा. या यानाला त्यांनी ग्रीक शब्द जोडून ‘बॅथिस्काफ’, म्हणजे खोल जाणारी नौका, असे नाव दिले.

रचनेतील एक बारकावा पिकार यांच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. टाकून देण्याचा भार विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेला होता. वीज चालू असेतो भार यानाला चिकटून राहील. यंत्रणा बिघडून वीज गेली, तर चुंबक सुटतील, भार आपोआप गळून पडेल आणि यान वर येईल. बिघाड झालाच, तर तो माणसाला वर आणणारा असावा, अशी ही योजना होती.

दुसरा बारकावा तराफ्याचा. पेट्रोलच्या टाक्या खालून समुद्राला खुल्या होत्या. पाणी आत शिरून दाब आतबाहेर सारखा राही. त्यामुळे टाक्यांचा पत्रा जाड करण्याची गरज नव्हती. सारा दाब झेलायचा तो फक्त माणसांच्या गोलाने. हा विचार शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता. पुढे घात झाला तो मात्र याच पातळ पत्र्याने.

१९३७ मध्ये बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याशी बोलताना पिकार यांनी ही कल्पना बोलून दाखवली. राजाला शब्द दिल्यावर आता मागे फिरणे नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले. त्याच विज्ञान निधीने पुन्हा पैसा मंजूर केला. ब्रुसेल्सला काम सुरू झाले. खिडक्यांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. काच ठिसूळ, दाब एका जागी एकवटला की तडकते. पिकार यांनी तेव्हा नव्यानेच मिळू लागलेले प्लेक्सिग्लास निवडले आणि खिडकीला शंकूचा आकार दिला. रुंद बाजू समुद्राकडे, अरुंद बाजू आत. पाण्याचा रेटा जितका वाढेल, तितकी खिडकी आपल्या बैठकीत अधिक घट्ट बसते. बाटलीचे बूच दाबावे तसे हे. एवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले आणि काम थांबले.

केप व्हर्डेचा समुद्र

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये पिकार यांनी पुन्हा काम हाती घेतले. कोसिन्स हेही सोबत होते. गोल बेल्जियममधील आंरिको यांच्या ओतशाळेत पोलादात ओतण्यात आला. सुमारे दोन मीटर व्यासाचा, नऊ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचा, दोन अर्धगोल जोडून केलेला. खिडक्यांपाशी भिंत आणखी जाड ठेवलेली. गोल आकाराचा फायदा असा, की दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो आणि कोणताही कोपरा कमकुवत राहत नाही. यानाला ‘एफएनआरएस-२’ हे नाव देण्यात आले. बलून होता पहिला, म्हणून हे दुसरे.

१९४८ च्या शरद ऋतूत ‘स्काल्डिस’ या बेल्जियन मालवाहू जहाजावर लादून हे यान केप व्हर्डे बेटांकडे नेण्यात आले. फ्रेंच नौदलाने मदतीला जहाज आणि पाणबुडे दिले होते. त्यांत तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला ज्याक कुस्तो हा नौदल अधिकारीही होता. २६ ऑक्टोबर रोजी पहिली बुडी झाली. पिकार आणि फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ तेओदोर मोनो आत बसले आणि यान २५ मीटर खाली गेले. एवढ्या खोलीवर काही विपरीत घडले, तर पाणबुडे मदतीला पोहोचू शकत होते.

यानंतर खोल बुडीची वेळ आली. येथे पिकार यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय होता. वय झाले होते, मोहिमेचा पैसा आटत चालला होता, हवामान भरवशाचे नव्हते आणि साऱ्या जगाचे पत्रकार विक्रमाची वाट पाहत होते. स्वतः आत बसून हजार मीटर खाली जाणे त्यांना शक्य होते. बीब यांचा विक्रम मोडला असता आणि छायाचित्रे जगभर झळकली असती. पिकार यांनी मात्र यान रिकामे सोडायचे ठरवले. माणसाच्या जागी घड्याळाची आणि विद्युत स्पर्शकांची यंत्रणा बसवली. ठरलेली खोली आली, तळाचा स्पर्श झाला किंवा ठरलेली वेळ भरली, यांपैकी काहीही घडले तरी भार सुटावा, अशी व्यवस्था होती. आजच्या भाषेत हे मानवरहित स्वयंचलित यानच म्हणावे लागेल.

यान पाण्याखाली दिसेनासे झाले. अर्ध्या तासाच्या आसपास ते पुन्हा पृष्ठभागावर उसळले. सुमारे १४० वातावरणांचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १४० किलो वजन, सोसूनही गोलाला काही झाले नव्हते. स्वयंचलित यंत्रणेने आपले काम चोख केले होते.

खरी परीक्षा पृष्ठभागावर झाली. समुद्र खवळला होता. यान जहाजावर उचलण्यापूर्वी टाक्यांतील पेट्रोल काढून घेणे आवश्यक होते; लाटांमुळे नळी जोडता येईना. पाणबुड्यांनी तासन् तास धडपड केली. लाटांच्या तडाख्यांनी तराफ्याचा पातळ पत्रा चेपला, फाटला. अखेर पेट्रोल समुद्रात सोडून द्यावे लागले. यान जहाजावर आले तेव्हा वरचा भाग मोडकळीस आलेला होता. पुढच्या बुड्या रद्द झाल्या.

थट्टा आणि फळ

मायदेशी टीकेची झोड उठली. एवढा पैसा, एवढा गाजावाजा आणि हाती काय, तर २५ मीटरची बुडी आणि मोडका पत्रा, असा सूर निघाला. वृत्तपत्रांना विक्रम हवा होता आणि विक्रमाच्या जागी मिळाला होता चाचणीचा अहवाल.

वास्तविक त्या अहवालात सारे काही होते. प्राणांची जबाबदारी ज्याच्यावर, तो गोल खरा उतरला होता. भार सोडण्याची यंत्रणा खरी उतरली होती. चुकले होते ते तराफ्याचे गणित. पिकार यांनी सागराच्या पोटातील दाबाचा विचार बारकाईने केला होता, सागराच्या पाठीवरील लाटांचा तितका केला नव्हता. शिवाय गोलात शिरण्याची वाट जहाजावरच बंद होई. समुद्रावर आत-बाहेर करता येत नसे. हे दोन्ही दोष एकाही माणसाला इजा न होता कळले. याहून स्वस्तात असा धडा मिळत नाही.

कुस्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखले. त्यांच्या आग्रहावरून १९५० मध्ये फ्रेंच नौदलाशी करार झाला. तूलाँच्या गोदीत त्याच जुन्या गोलावर नवा, भक्कम, नौकेसारखा ओढत नेता येणारा तराफा बसवण्यात आला. आत जाण्यासाठी मधून उभा बोगदा काढण्यात आला. या ‘एफएनआरएस-३’ यानाचीही १९५४ च्या जानेवारीत डाकारजवळ खोल समुद्रात आधी मानवरहित चाचणी झाली आणि मगच १५ फेब्रुवारी १९५४ रोजी उऊ आणि विल्म हे दोघे नौदल अधिकारी त्यातून ४,०५० मीटर खाली गेले. ज्या गोलाला अपयशाचे प्रतीक म्हणून हिणवले गेले होते, त्याच गोलाने दोन माणसांना चार किलोमीटर खोल नेऊन सुखरूप वर आणले. सहा वर्षांपूर्वीच्या रिकाम्या बुडीचे हे उत्तर होते.

तूलाँमध्ये पिकार यांचे मन रमले नाही. नौदलाच्या कारभारात सल्लागाराचे दुय्यम स्थान त्यांना मानवले नाही. अशा वेळी त्यांचा मुलगा ज्याक मदतीला आला. ज्याक अर्थशास्त्राचा अभ्यासक होता आणि कामानिमित्त ट्रिएस्ट शहरात राहत होता. तेथील उद्योजकांशी त्याने संधान बांधले आणि वडिलांसाठी नव्या यानाची जुळवाजुळव केली. अर्थशास्त्र मागे पडले ते कायमचेच.

नव्या यानाचे नाव ‘ट्रिएस्ट’. गोल तयार झाला तेर्नीच्या पोलाद कारखान्यात. या वेळी पिकार यांनी ओतीव पोलादाऐवजी घडीव पोलाद निवडले. ओतलेल्या आणि घडवलेल्या नगातला फरक कोल्हापूरच्या कारागिराला समजावून सांगायला नको. घणाखाली तावूनसुलाखून निघालेल्या पोलादात पोकळी राहण्याची भीती कमी असते. तराफा माँफाल्कोनेच्या गोदीत बांधला गेला आणि नेपल्सजवळ १ ऑगस्ट १९५३ रोजी यान पाण्यात उतरले. तराफ्यात सुमारे ८५ हजार लिटर पेट्रोल मावत असे.

आधी उथळ पाण्यात, मग थोडे खोल, मग आणखी खोल, अशा पायऱ्यांनी चाचण्या झाल्या. ३० सप्टेंबर १९५३ रोजी पोन्झा बेटाजवळ पितापुत्र ३,१५० मीटर खाली उतरले. पिकार तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. विद्यार्थिदशेत पाहिलेले स्वप्न जवळपास अर्ध्या शतकाने त्यांनी खिडकीपाशी बसून प्रत्यक्ष पाहिले.

१९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने ‘ट्रिएस्ट’ विकत घेतले. जर्मनीच्या क्रुप कारखान्यात त्यासाठी आणखी जाड गोल तयार करण्यात आला. २३ जानेवारी १९६० रोजी ज्याक पिकार आणि लेफ्टनंट डॉन वॉल्श हे पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, पृथ्वीवरील सर्वांत खोल जागी, सुमारे १०,९०० मीटरवर पोहोचले. तेथे दर चौरस सेंटिमीटरवर एक टनाहून अधिक भार होता. वाटेत एका बाहेरील खिडकीला तडा गेला, गोल मात्र अभंग राहिला. वृद्ध पित्याला हे यश पाहता आले. २४ मार्च १९६२ रोजी लोझान येथे ऑग्युस्त पिकार यांचे निधन झाले.

वारसा

पिकार यांच्या नातवाचे नाव आपल्याकडेही ऐकले गेले. ज्याक यांचे पुत्र बर्ट्रांड यांनी १९९९ मध्ये ब्रायन जोन्स यांच्यासह बलूनमधून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. २०१५ मध्ये सौरऊर्जेवर जगप्रवासाला निघालेले त्यांचे ‘सोलर इम्पल्स-२’ हे विमान अहमदाबाद आणि वाराणसी येथे उतरले होते.

खरा वारसा मात्र रिकाम्या यानाचा. त्या काळी मानवरहित बुडी ही माणसाच्या बुडीची पूर्वतयारी होती. नंतर ती स्वतंत्र विद्या झाली. जपानच्या ‘काइको’ या दूरनियंत्रित यानाने १९९५ मध्ये मारियाना गर्तेचा तळ गाठला. अमेरिकेच्या ‘नेरियस’ने २००९ मध्ये तोच पराक्रम केला. २००३ मध्ये ‘काइको’ समुद्रात हरवले; २०१४ मध्ये ‘नेरियस’ न्यूझीलंडच्या ईशान्येकडील केरमाडेक गर्तेत सुमारे ९,९०० मीटर खोलीवर दाबाने फुटले. वर्षानुवर्षांचे कष्ट आणि पैसा पाण्यात गेला, शास्त्रज्ञ हळहळले. पण कोणाच्या घरी शोक झाला नाही.

याउलट १८ जून २०२३ चा दिवस आठवावा. ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यासाठी निघालेले ‘टायटन’ हे खासगी यान उत्तर अटलांटिकमध्ये फुटले आणि आतील पाचही जण जागीच गेले. कार्बन तंतूंच्या दंडगोलाचे हे यान होते. बाहेरच्या तज्ज्ञांकडून प्रमाणपत्र घेण्याचे संबंधितांनी टाळले होते. त्यापूर्वी बुड्या झाल्या होत्या, यशस्वीही झाल्या होत्या. परंतु यान देत असलेल्या धोक्याच्या सूचनांकडे लक्ष दिले गेले नाही. ही दुर्घटना टाळता येण्यासारखी होती, असा निष्कर्ष अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी अहवालाने ऑगस्ट २०२५ मध्ये काढला. चाचणी हा उपचार नव्हे. ती जे सांगते ते ऐकण्याची तयारीही हवी. १९४८ मध्ये मोडका पत्रा पाहून पिकार यांनी पुढच्या बुड्या थांबवल्या, ही त्यांची तयारी होती.

आपल्या देशातही ही विद्या रुजते आहे. कोल्हापूरहून घाट उतरून गोव्यात गेले, की दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था लागते. तेथे ‘माया’ हे छोटे स्वयंचलित जलयान विकसित झाले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘रोसब-६०००’ हे दूरनियंत्रित यान २०१० मध्ये मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल उतरले. त्याच संस्थेत तीन माणसांना सहा हजार मीटरपर्यंत नेण्यासाठी ‘मत्स्य-६०००’ हे यान घडवले जात आहे. माणसांसाठी २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल त्यासाठी योजण्यात आला आहे. धातू बदलला, आकार आणि माप मात्र जवळपास पिकार यांचेच राहिले.

क्रमही तोच आहे. माणसांच्या गोलाचा एक पोलादी नमुना ऑक्टोबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात ६०० मीटरपर्यंत रिकामाच सोडून तपासण्यात आला. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात ‘मत्स्य’च्या उथळ पाण्यातील चाचण्या झाल्या, तेव्हा माणसांसह आणि माणसांविना अशा दोन्ही प्रकारच्या बुड्या घेण्यात आल्या. अशा बातम्या आपल्याकडे सहसा आतल्या पानावर चार ओळींत येतात. माणूस खाली पोहोचला, की पहिले पान मिळते. मात्र त्या पहिल्या पानाची किंमत आतल्या पानांवरच्या चाचण्यांनी चुकती केलेली असते.

धाडसी माणसांची चरित्रे आपण आवडीने वाचतो आणि त्यात वावगे काही नाही. पिकार यांच्या चरित्रात धाडस ठायी ठायी आहे. फुटक्या गोलातून सोळा किलोमीटर उंच जाणारा माणूस भित्रा असू शकत नाही. म्हणूनच केप व्हर्डेच्या समुद्रावर, साऱ्या जगाचे डोळे लागलेले असताना, गोलाचे झाकण आत कोणी न बसताच बंद करण्याचा त्यांचा निर्णय मोठा वाटतो. विक्रम पाच वर्षे लांबला, थट्टा सोसावी लागली, पैसा गेला. पण त्यांच्या यानांतून खाली गेलेला प्रत्येक माणूस वर आला. आपल्या हातचा नग तपासल्याशिवाय बाहेर न सोडणाऱ्या कोणत्याही कारागिराला या हिशेबाचे मोल सहज कळेल.